बावखलाचा तळ

गेटवरच्या रखवालदाराने माझा फोटो काढला, मोबाइलवर आलेला आकडा विचारला आणि माझ्या ओढणीवर 'पाहुणा' असं छापलेलं स्टिकर चिकटवलं. मी म्हटलं, "अहो, मी इथलीच आहे." तो म्हणाला, "मॅडम, सगळे तेच बोलतात." त्याचंही काही चुकलं नव्हतं. मी इथली होते तेव्हा इथे गेटच नव्हतं.

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. आमच्या कॉलेजचं आता विद्यापीठ झालंय, त्यामुळे आम्ही सगळे अचानक महत्त्वाचे झालो आहोत. निमंत्रणावर 'चला, पुन्हा आपल्या आवारात' असं लिहिलं होतं. आवारात शिरल्यावर मला आपलं असं काहीच सापडेना. काचेच्या इमारती, करड्या फरश्या, कुंड्यांमधून शाळेच्या कवायतीसारखे उभे केलेले पाम आणि वैशाखाच्या उन्हात तापलेली लोखंडी बाकं. सावलीला काही नाही. मधोमध पायऱ्यापायऱ्यांचं अर्धगोल खुलं सभागृह, त्यावर प्लास्टिकचं हिरवं गवत, आणि शेजारी दगडात कोरलेली पाटी: 'बावखल प्लाझा'. ती वाचून मला आधी हसू आलं. मग इतका राग आला की स्वागताला आलेल्या मुलीने पुढे केलेलं सरबतही मी घेतलं नाही. त्या बिचारीचा काय दोष!

बाहेरच्या माणसाला बावखल म्हणजे काय ते सांगावं लागतं. आता बहुतेक वसईतल्या माणसालाही सांगावं लागेल. फुला-नारळांच्या वाडीच्या मधोमध किंवा कडेला पूर्वजांनी खणून ठेवलेलं मोठं तळं म्हणजे बावखल. पावसाळ्यात ते काठोकाठ भरायचं आणि मग वर्षभर वाडीला पुरायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही इथल्या पापडी गावच्या विहिरींना गोडं पाणी होतं ते या बावखलांतून जमिनीत मुरणाऱ्या पाण्यामुळे. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं.

आमचं कॉलेज पापडीच्या एका वाडीतच सुरू झालं होतं. जमीन गावकऱ्यांनी दिलेली. वाडीतलं जुनं कौलारू घर म्हणजे ऑफिस, गोठ्याच्या जागी प्रयोगशाळा, आणि वर्ग झाडं चुकवून बांधलेले. आंबा मध्ये आला की व्हरांडा बाजूने वळायचा. त्यामुळे एकाही इमारतीला सरळ भिंत नव्हती. पुढे एका नियोजनकाराने अहवालात म्हणे 'कोणत्याही आराखड्याविना झालेली वाढ' असं लिहिलं. आराखडा होता की! तो झाडांनी घातलेला होता, एवढंच.

आम्ही रत्नागिरीकडचे. वडिलांची मुंबईत नोकरी, वसई स्टेशनजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट, खिडकीतून समोरच्यांची धुणी. त्या फ्लॅटमधून मी पहिल्यांदा कॉलेजात आले तेव्हा वास आला तो ओल्या मातीचा, सोनचाफ्याचा आणि कुठेतरी तळल्या जाणाऱ्या सुक्या बोंबलांचा, सगळे एकात एक मिसळून. वर्गाच्या मागून बायका डोक्यावर फुलांच्या टोपल्या घेऊन जायच्या, कारण गावाची पायवाट कॉलेजातून जात होती आणि ती बंद करावी असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. सर शिकवता शिकवता थांबायचे आणि खिडकीतून विचारायचे, "काय कात्रीनबाय, आज मोगरा किती?" ती म्हणायची, "सर, तुमी शिकवा ना, पोरं झोपलीत." वर्ग हसायचा. सर पुन्हा फळ्याकडे वळायचे.

ही कात्रीनबाय म्हणजे माझ्या मैत्रिणीची, रेमेदची आई. कॉलेजला दिलेल्या जमिनीचा एक तुकडा तिच्याच सासऱ्याचा होता, आणि उरलेली वाडी बावखलाच्या पलीकडच्या काठाला. रेमेद दोन तासांच्या मध्ये घरी जाऊन भात चढवून परत यायची. मीही तिच्याबरोबर जाऊ लागले. कात्रीनमावशीने माझं नाव कधी घेतलं नाही. तिच्यासाठी मी 'फ्लॅटवाली'. "ये फ्लॅटवाले, बस. तुज्या घरात नळाला पानी येते तवा तू आंघोळ करते ना? हितं बघ, कवापन कर." विहिरीतून पोहरा काढून ती थेट माझ्या ओंजळीत पाणी ओतायची. थंड आणि गोड. कुठल्याही पाण्याला गोड म्हणण्याची आपल्याला सवय असते, पण ते खरोखरच गोड होतं. त्या पाण्याच्या चहाला साखर कमी लागते असं मावशी म्हणायची, आणि तरी साखर भरपूर घालायची.

त्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त काही आठवत असेल तर ती उपसणी. वैशाखातल्या एका रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा संपली की गावातली माणसं बावखलावर जमायची. तळाशी उरलेलं पाणी पाटाने वाड्यांना सोडून द्यायचं आणि वर्षभराचा गाळ उपसायचा. कोणाची तरी आजी काठावर नारळ फोडायची, फादर पवित्र पाणी शिंपडायचे, आणि मग आमचे प्राचार्य पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरायचे आणि पहिलं घमेलं भरायचे. हा मान कॉलेजचा होता. एरवी ज्यांच्यासमोर आवाज चढवायची आमची छाती नव्हती त्या माणसाचे पांढरेफटक पाय पाहून मुली पदरात तोंड खुपसून हसायच्या. मग सगळेच उतरायचे. हातोहात घमेली फिरायची. काळाभोर, लोण्यासारखा मऊ गाळ; त्याचा वास नाकात आधी कुजका वाटायचा आणि थोड्या वेळाने हवाहवासा. तो गाळ मोगऱ्याच्या बुडाशी जायचा. चिखलात वळवळणारे शिवडे, मरळ असले मासे पकडताना आरडाओरडा व्हायचा, त्यांचे वाटे पडायचे, आणि कॉलेजच्या वाट्याचं कालवण कॅन्टीनमध्ये रटरटायचं. आमच्या घरी मासे चालत, पण चिखलातले चालत नसत. आईला मी आजवर सांगितलेलं नाही, आणि आता सांगायला आई नाही.

उपसून झालं की रिकाम्या बावखलाचा तळ दिसायचा. त्याला भेगा नव्हत्या, तो ओलसरच असायचा, आणि कुठे कुठे त्यातून बारीक बुडबुडे यायचे. पोरं त्यावर पाय आपटून बघायची. रेमेद म्हणायची, "बघ, जमीन श्वास घेते." आम्ही तिला तेव्हा कवयित्री म्हणून चिडवलं होतं.

मग कधीतरी आराखडे यायला लागले.

ऑफिसच्या भिंतीवर पहिला नकाशा लागला तेव्हा आम्ही कौतुकाने बघायला गेलो होतो. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. सगळ्या सरळ. आमचा व्हरांडा त्यात कुठेच वळत नव्हता. झाडं म्हणजे शिक्का मारल्यासारखे गोल, आणि जिथे खरं झाड होतं तिथे एकही गोल नव्हता. बावखलाच्या जागी बास्केटबॉलचं मैदान. रेमेदने नकाशावर बोट ठेवून विचारलं, "आनी पानी कुठे गेलं?" तिथल्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, "भराव टाकणार."

आम्ही पेटून उठलो. त्या वयात पेटायला काय लागतं? वर्गांवर बहिष्कार घातला, काठावर बसून गाणी म्हटली, पंचायतीत गेलो, फादरना भेटलो, गावातल्या बायकांना घेऊन ऑफिससमोर ठाण मांडलं. कात्रीनमावशी लाल चौकड्यांचं लुगडं नेसून सगळ्यात पुढे बसली होती आणि दुपारी आम्हा सगळ्यांना तिच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आल्या होत्या. आणि, नवल म्हणजे, आम्ही जिंकलो. संस्थेने जाहीर केलं की बावखल बुजवलं जाणार नाही. उलट ते जतन केलं जाईल, सुशोभित केलं जाईल. आम्ही गुलाल उधळला. पेढे वाटले. रेमेदने मला मिठी मारली तेव्हा तिच्या केसांना मोगऱ्याचा आणि घामाचा वास येत होता, तो मला आत्ताही येतो.

जतन केलं म्हणजे काय केलं, ते सांगते. काठांना दगडी पायऱ्या बांधल्या, दिवे लावले, मध्ये कारंजं बसवलं. आणि पाणी जमिनीत मुरून वाया जाऊ नये म्हणून तळाला काँक्रीट घातलं.

कोणालाही काही वाटलं नाही. खरंच नाही. आमच्या भूगोलाच्या सरांना नाही, फादरना नाही, गावातल्या म्हाताऱ्यांना नाही, आम्हाला तर नाहीच. पाणी तर दिसत होतं ना! उन्हाळ्यातही पूर्वी कधी राहिलं नाही इतकं, काठोकाठ, निळंशार. उद्घाटनाला कात्रीनमावशी नव्या पायरीवर बसून फोटो काढून घेताना म्हणाली, "काय झकास केलाय! आता उपसायची पन कटकट नाय." तो फोटो कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर आला. वास्तुरचनाकाराला कसलंसं पारितोषिकही मिळालं म्हणे.

बुजवलं असतं तर निदान भांडता आलं असतं. जिंकल्यावर कोणाशी भांडायचं?

नंतरची वर्षं मी वसईत नव्हते. नोकरी, लग्न, पुण्याचं घर. मधूनमधून यायचे. दर वेळी कॉलेजात एक इमारत वाढलेली आणि एक वास कमी झालेला असायचा. आंबे गेले, मग चाफा. पायवाट भिंतीत गेली आणि फुलवाल्या बायका वळसा घालून डांबरी रस्त्याने जाऊ लागल्या. प्रयोगशाळेला वातानुकूलित यंत्रं लागली तेव्हा खिडक्या कायमच्या बंद झाल्या. मला प्रत्येक गोष्टीचं कारण कोणीतरी समजावून सांगायचं, आणि प्रत्येक कारण पटण्याजोगं असायचं. पटण्याजोग्या कारणांनी जितकं नुकसान होतं तितकं दुष्टाव्याने होत नसावं.

अशाच एका फेरीत रेमेदकडे चहा फुटला. पातेल्यात दुधाच्या गुठळ्या झाल्या. तिने ओशाळून दुसरं दूध घेतलं, तेही फुटलं. तेव्हा ती म्हणाली, "अगं, पानीच तसं झालंय." मी विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि मला गिळवेना. मचूळही नाही, सरळ खारट. बाहेर मोगऱ्याच्या पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. केळींची पानं पिवळी. भिंतीपलीकडे कारंजं चालू होतं, त्याचा आवाज मात्र छान येत होता.

मग त्या साचलेल्या पाण्यात डास झाले, तक्रारी झाल्या, आणि पुढच्या आराखड्यात बावखलावर स्लॅब टाकला गेला. स्लॅबवर सभागृह आलं आणि सभागृहाशेजारी पाटी. या वेळी कोणी काठावर बसून गाणी म्हटली नाहीत. आता पावसाळ्यात आवारात गुडघाभर पाणी साचतं, पंप लावावा लागतो. मेळाव्यात कुलगुरूंनी त्यावरही एक योजना सांगितली. पडद्यावर नवा नकाशा आला. तो आता रंगीत असतो, हवेतून पक्ष्याने पाहावा तसा, आणि त्यात हसरी मुलं इकडून तिकडे चालत असतात. वसतिगृह, क्रीडासंकुल, पार्किंग. भिंतीपलीकडचा एक चौकोन फिकट हिरवा होता आणि त्यावर लिहिलं होतं 'तिसरा टप्पा'. तो रेमेदच्या वाडीचा चौकोन होता. तिचं घर त्यात दाखवलेलंच नव्हतं. घराच्या जागी शिक्का मारल्यासारखी गोल झाडं होती.

मी उठले. मागच्या बाजूला आता दार नाही, म्हणून पुढच्या गेटमधून बाहेर पडून, डांबरी रस्त्याने वळसा घालून, घामाघूम होऊन रेमेदच्या अंगणात पोचले. मोगऱ्याच्या जागी वाळक्या काड्या होत्या. दोन नारळ तेवढे तग धरून होते.

"विकतेस?" मी दारातूनच विचारलं.

"आधी बस तरी," रेमेद म्हणाली. तिचे केस सगळे पिकलेत. "विकते. काय करू? हितं आता काय पन लागत नाय. पोरगा म्हनतो, मम्मी, तिकडे नालासोपाऱ्याला ये फ्लॅटात. आमीच आता फ्लॅटवाले होनार बघ."

"आणि मावशी?"

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "तिच्यासाठीच अडलंय. वाडी तिच्या नावावर हाय. ती सही करत नाय."

मावशी खाटेवर उशीला टेकून बसली होती. हातात जपमाळ, डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज तोच. पावलांच्या आवाजावरून तिने मला ओळखलं. "फ्लॅटवाली आली काय? लई दिवसांनी आली काय तू? ये, बस." मग तिने लेकीला हाक मारली. "रेमेद, तिला पानी दे. आपल्या विहिरीचं दे."

रेमेद स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागून गेले. तिथे ओट्यावर विकतच्या पाण्याचा निळा जार उपडा लावलेला होता. तिने त्यातलं पाणी मावशीच्या जुन्या तांब्यात भरलं, तांब्या बाहेरून थोडा ओला केला आणि मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं.

"ती खाटेवरून उठत नाय तवापासून असंच," ती हळूच म्हणाली. "पयल्यांदा विकतचं हाय म्हनून सांगितलं तर दोन दिवस पानीच नाय पिली. मग मीच म्हटलं, विहीर सुधारली. बरं वाटलं तिला."

आम्ही मावशीच्या खोलीत आलो. मावशीने आधी मला प्यायला लावलं, मग स्वतः प्यायली, आणि ओठ पुसून म्हणाली, "बघ, फ्लॅटवाले. कशी गोडी हाय! आनी ही पोरगी मला म्हनते, वाडी ईक. विहीर गोडी हाय तोवर मी वाडी देनार नाय. तू सांग तिला. तू शिकलेली हाय."

मी रेमेदकडे पाहिलं. ती भिंतीला पाठ लावून उभी होती. तिने किती वेळा हे ऐकलं असेल कोण जाणे. तिचं तोंड एकदम लहान मुलीसारखं झालं, रडण्याच्या आधी होतं तसं, पण ती रडली नाही. तांब्या घेऊन ती अंगणात गेली. रहाटाचा करकर आवाज आला. मला वाटलं, तिला थांबवावं. मी थांबवलं नाही, कारण थांबवून तिला पुढे काय करायला सांगायचं तेही मला माहीत नव्हतं.

तिने आणलेला तांब्या आईच्या हातात दिला. "आय, हे पी. हे विहिरीचं हाय."

मावशीने घोट घेतला. तो तिने थुंकला नाही. तोंडात बराच वेळ तसाच धरून ठेवला आणि मग औषध गिळावं तसा गिळला. पलीकडच्या मेळाव्यातून ध्वनिक्षेपकावर कोणीतरी आमच्या बॅचचं नाव पुकारत होतं आणि टाळ्या वाजत होत्या.

"मग रेमेद," मावशी म्हणाली, "येवढी वर्सं तू मला कुनाचं पानी पाजलंस?"

मावशी उत्तरासाठी थांबलीच नाही. तिने जपमाळ उशाखाली ठेवली, उजवा हात पदराला पुसला आणि सहीसाठी पुढे केला.